चार वाजताचं केल्डबी

रोज दुपारी चारला सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत प्रत्येकाकडे काही ना काही येत असे. कुणाकडे शाळा सुटलेली पोरं, कुणाकडे साड्यांचे गठ्ठे घेऊन मोटारसायकलवाला, कुणाकडे रातपाळीच्या नवऱ्याला जाग. चंचलबाईकडे इंग्लंड येत असे.

फोन वाजला की ती हाताचा गोंद परकराला पुसायची आणि तीनदा वाजू देऊन मग उचलायची. पहिल्याच रिंगला उचललं तर आपण त्याचीच वाट पाहत बसलो होतो असं दिसतं. बसलेली असायचीच, ती गोष्ट वेगळी.

"काय करी ऱ्हायनी व माय?" पलीकडून धुरपदाबाई विचारायची.

"काय करणार? साडी. तुझं सांग. किती वाजले तिकडं?"

"साडेअकरा. आत्ताच ऊन आलंय. पण त्याला काही जोर नाही, नुसतं दिसायला."

आणि मग अर्धा तास चंचल केल्डबीत असायची.

धुरपदाबाई तिच्यापासून तीन घरं सोडून राहायची. दोघी खानदेशातल्या, एक अमळनेरकडची, एक शिरपूरकडची. दोघींचे नवरे एकाच कापडाच्या कारखान्यात लूमवर, मागावर, होते आणि दोघींचेही आता नव्हते. सोळा वर्षं दोघी धुरपदाबाईच्या ओट्यावर समोरासमोर बसून साड्यांवर डायमंड चिकटवत आल्या होत्या. डायमंड म्हणजे काचेचे खडे. काडीच्या टोकानं एक खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर ठेवायचा, पुढचा उचलायचा. काम एकटीचं आहे, पण साडीची घडी एकटीची नाही. सहावारी साडीला दोन्ही टोकांना माणूस लागतं. धुरपदाबाई गेल्यापासून चंचल एक टोक खिडकीच्या गजाला बांधायची आणि दुसरं धरून मागे मागे सरकत जायची. गज बिचारा घट्ट धरायचा, पण घडी घालत पुढे काही यायचा नाही.

धुरपदाबाईचा गोपाळ दोन वर्षांपूर्वी तिकडे गेला. इंग्लंडच्या वरच्या अंगाला केल्डबी नावाचं लहानसं गाव आहे, जुनं, बाजाराचं. तिथं म्हाताऱ्या माणसांना ठेवतात त्या घरात तो कामाला होता. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. गल्लीत आधी यावर थोडी कुजबुज झाली, की पोरगा आपली म्हातारी इथं सोडून त्यांच्या म्हाताऱ्या धुतो. मग गोपाळनं आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं आणि कुजबुज करणाऱ्याच बायका निरोप द्यायला सर्वांत पुढे आल्या. त्या उन्हाळ्यात गल्लीनं मिळून ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, केले होते, त्यातले मोठे न तुटलेले निवडून गोपाळसाठी डबाभर दिले. सुषमानं, जिला गल्लीत घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं यजमानपण लागतं, मंडळाचा ढोल आणवला. नव्या पांढऱ्या बुटांत आणि जरीच्या काठाच्या साडीत धुरपदाबाई गाडीत बसली, गाडी मुंबईच्या विमानासाठी कडोदऱ्याच्या रस्त्याला लागली, आणि चंचल घरी येऊन पाण्याचा माठ घासत बसली. त्या दिवशी तो घासायचा नव्हता.

तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. चेहरा दिसेल असा फोन करायला तिथलं नेट पुरत नाही, असं धुरपदाबाई म्हणाली, म्हणून नुसतं बोलणं. पण ती बोलायची अशी की चेहऱ्याची गरज लागत नसे.

गावाचा चौक उताराचा आहे. उतारावर गोल गोल दगड बसवलेत, त्यावर बूट घसरतात. चौकाच्या मधोमध दगडाचा एक खांब आहे, खाली पाच पायऱ्या. कोणे एके काळी राजानं गावाला बाजार भरवायची परवानगी दिली, त्याची ती खूण. आठशे वर्षं झाली म्हणतात, एक गुरुवार चुकला नाही. गुरुवारी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे मांडव लागतात. एक माणूस फक्त चीज विकतो, जात्याच्या तळीएवढा एकेक गोळा, तारेनं कापून देतो. एका दुकानात नुसती लोकर. वर टेकाडावर किल्ला आहे, त्याला छप्पर नाही, आत कावळे. खाली नदी आणि तीन कमानींचा पूल.

"शेताला बांध कसले?" चंचल विचारायची. तिला असल्या गोष्टी लागत.

"दगडांचे. नुसते एकावर एक रचलेले. ना माती, ना सिमेंट."

"आणि पडत नाहीत?"

"नाही पडत. मीही विचारलं गोपाळला. तो म्हणाला, आई, ते एकमेकांवर टेकून उभे राहतात."

चंचलला हे इतकं आवडलं, की त्या दिवशी तिनं एका साडीचे सगळे खडे एका बाजूला जास्त जवळ लावले आणि काढून पुन्हा लावले.

गल्लीतल्या बायका संध्याकाळी विचारायला यायच्या, आज काय म्हणाली धुरपदाबाई? चंचल सांगायची. सोळा वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती मुळात कमी बोलणारी. गर्दीत असली की दारामागच्या केरसुणीसारखी, आहे हे माहीत असतं, लक्ष जात नाही. आता ती ओट्यावर बसून दगडाचा खांब आणि बिनछपराचा किल्ला सांगायची आणि सुषमासुद्धा मधे बोलायची नाही. बायका गेल्या की मात्र घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटायचं, पाहुणे जेवून गेल्यावरच्या भांड्यांसारखं.

फोनमध्ये मागे एक आवाज असायचा. पहिल्या आठवड्यात चंचलला वाटलं, पाऊस. धुरपदाबाई म्हणाली, कपडे धुवायचं मशीन, इथं दिवसभर कुणाचं ना कुणाचं चालूच असतं. बरं, म्हणाली चंचल. तिच्या घरात मशीन नव्हतं, तिला काय माहीत.

पण कान तिचे लूमवाल्याच्या बायकोचे होते. लग्न होऊन आली तेव्हा त्यांची खोली कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून होती. नवरा, बळीराम, रातपाळीला गेला की ती भिंतीला कान लावून त्याचे दोन लूम ओळखायची. धोटा इकडून तिकडे गेला की एक ठोका, तिकडून इकडे आला की दुसरा. आणि पट्टा ढिला झालेला लूम अर्धा ठोका मागे राहतो. तो लंगडा ठोका ऐकला की तिला कळायचं, आज हा चिडून येणार. आता सुरतेत सगळीकडे पाण्याच्या जोरावर चालणारे नवे लूम आलेत, त्यांचा आवाज नुसता एकसारखा सरसरतो. धोट्याचे जुने लूम उरलेत ते थोडे, गावाबाहेर.

सतरावा फोन असेल. धुरपदाबाई पुलाखालच्या बदकांचं सांगत होती. अचानक मागचा आवाज बसू लागला. एकदम थांबला नाही. एक थांबलं, मग दोन, मग पाचसहा एकत्र, मग दूर कुठलं तरी एक लंगडत लंगडत दोनदा आपटलं आणि निजलं. लाइट गेल्यावर लूम असेच मरतात. दुसरं कुठलंच मशीन असं मरत नाही.

पंखा बंद पडल्यावर जशी घरभर शांतता पसरते, तशी ती फोनमधून चंचलच्या खोलीत आली.

"मशीन बंद पडलं वाटतं," धुरपदाबाई म्हणाली.

"हं," चंचल म्हणाली. "मग? बदकं किती होती?"

"सात."

"सात," चंचल म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो हातातच धरून बसली.

तिला राग आला, हे खरं. राग आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. कडोदऱ्याला सखुबाई राहायची, धुरपदाबाईची लांबची नणंद. धोट्याच्या लूमच्या कारखान्यामागे तिची खोली होती, आणि उन्हाळ्यात ती गावी जायची, किल्ली धुरपदाबाईकडे ठेवून. एवढं चंचलला कधीपासून माहीत होतं. म्हणजे माझी बाई विमानात बसलीच नाही. ती माझ्यापासून रिक्षानं अर्ध्या तासावर बसून मला बदकं मोजून दाखवते आहे.

दुसऱ्या दिवशी बोलायचंच नाही असं तिनं ठरवलं. चारला फोन वाजला. तिनं तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा, पाचव्यांदा. मग तिच्या मनात आलं, तिथं ती एकटी आहे, सखुबाई तर गावी. तिनं घाईनं उचलला.

"काय करी ऱ्हायनी व माय?"

"काही नाही. तुझं सांग."

बोलून दाखवलं असतं तर काय झालं असतं? फोन बंद झाला असता. आणि धुरपदाबाई परत आली असती की नसती, कोण जाणे; ज्या गल्लीनं ढोल वाजवून पाठवलं तिथं कडोदऱ्याहून परत यायला छाती लागते. मग चंचलकडे ना ओट्यावरची धुरपदाबाई, ना फोनमधली. म्हणून ती गप्प राहिली, आणि नऊ दिवस रोज केल्डबीला जात राहिली. उलट आता ती जपून विचारायची. जिथं धुरपदाबाई अडखळेल असं वाटे तिथं आपणच दुसरं काही तरी विचारायची, दुसऱ्याच्या घरात अंधारात चालताना भांड्याला पाय लागू नये म्हणून चालतात तशी.

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सुषमा आली. तिच्या चेहऱ्यावर काम मिळाल्याचा आनंद होता. तिचा भाचा सागर शिकायला लीड्सला गेलाय. तिथून केल्डबी बसनं जाण्यासारखं आहे. परवा सुट्टी आहे, तो जाऊन धुरपदाबाईला भेटणार, तिच्यासोबत फोटो काढून पाठवणार, गल्लीच्या ग्रुपवर टाकू. फक्त घराचा पत्ता हवा होता.

"आज चारला विचारते," चंचल म्हणाली.

सुषमा गेली आणि चंचलनं साडी बाजूला ठेवली. चारची वाट पाहायची नव्हती. फोनवर हे सांगितलं असतं तर धुरपदाबाई कडोदऱ्याहूनही पुढे कुठं तरी गेली असती. त्या बाईला पळायला हायवे जवळच होता.

पर्वत पाटियाच्या नाक्यावरून तिनं कडोदऱ्याची रिक्षा धरली. मागे पाच जणी, मधे ती. कारखाना शोधावा लागला नाही. हायवेवरून आत वळल्यावर तिनं ऐकत ऐकत वाट काढली. डाव्या हाताच्या शेडमधला एक लूम लंगडत होता, फोनमध्ये लंगडायचा तसाच. मागच्या चाळीत तिसरी खोली. दार उघडं होतं.

धुरपदाबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. भिंतीला उभी केलेली बॅग, तिच्या पट्ट्याला सुषमानं बांधलेला लाल दोरा तसाच. पायांत ते पांढरे बूट. घरात, मेथी निवडताना.

तिनं वर पाहिलं. मग ती सरकली आणि चंचलला बसायला जागा केली, आणि चंचल बसली, आणि सवयीनं मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.

"कधीपासून माहीत शे तुले?" धुरपदाबाईनं काही वेळानं विचारलं.

"लाइट गेली त्या दिवसापासून."

"आणि तू बदकं विचारत बसलीस."

"तू सांगत होतीस ना."

मग धुरपदाबाईनं सांगितलं. आवाज लूमच्या वर काढून सांगावं लागत होतं, त्यामुळे दुःखाची गोष्ट ती भांडणासारखी सांगत होती. गाडी कडोदऱ्याच्या सर्कलला आली आणि गोपाळचा फोन आला. ते म्हाताऱ्यांचं घर बंद झालं होतं, मालकानं एका दिवसात कुलूप लावलं. गोपाळचं राहणंही मालकानंच दिलेल्या घरात, तेही गेलं. तो केल्डबी सोडून एका मित्राकडे जमिनीवर झोपत होता आणि दुसरं काम शोधत होता. आई, आत्ता नको येऊस, तिकीट मी रद्द केलंय, म्हणाला. तीन दिवस सांगायची हिंमत होत नव्हती म्हणे. ती कडोदऱ्याला पोचली तेव्हा झाली.

"ड्रायव्हरला म्हटलं, मला इथंच उतरव. तो म्हणाला, मावशी, विमान इथून नाही सुटत." ती हसली, आणि हसू मधेच विसरली. "गोपाळला वाटतंय मी घरी गेले. रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो. जेवले म्हणते."

चंचलनं तिला सुषमाचं सांगितलं. परवा सागर तिथं जाईल, गल्लोगल्ली विचारेल. धुरपदाबाईचे हात मेथीत थांबले.

यावर उपाय चंचलनं रिक्षात बसल्या बसल्या काढून ठेवला होता. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण डायमंडसारखंच आहे, एक बसलं की पुढचं कुठं ते कळतं. सुषमाला सांगायचं, गोपाळची दुसऱ्या गावी बदली झाली, थंडीनं धुरपदाबाईचे गुडघे धरले, ती आजच परत आली. कोण तपासायला बसलंय? गोपाळचं नाव राहतं, तुझं राहतं. बॅग उचल, संध्याकाळी घरी.

ते इतकं सोपं होतं, की धुरपदाबाईला नाही म्हणायला काही सापडेना. ती निवडलेली मेथीच पुन्हा निवडू लागली.

"हे तुला पहिल्या दिवशीही सुचलं असतं," चंचल हळूच म्हणाली. "तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. मग का बसून राहिलीस इथं?"

धुरपदाबाईनं हातातली मेथी खाली ठेवली.

"इथं आहे तोवर मी गोपाळकडे आहे," धुरपदाबाई म्हणाली. "सगळ्यांच्या लेखी. तुझ्या लेखी. चारला फोन लावला की माझ्याही लेखी. घरी आले की मी गोपाळकडे जाऊन आलेली बाई होते. आणि मी गेलेच नाही, चंचल. त्याचं ते गावही आता त्याचं नाही. यापुढे काही जाणं व्हायचं नाही माझं."

आपलीच बाई परत न्यायला आपण आलो आणि नेणं म्हणजे तिच्या हातून काही तरी काढून घेणं आहे, हे चंचलला रिक्षात सुचलं नव्हतं. तिनं मेथीची काडी बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "बाजाराचा दिवस. मला एकदा घेऊन चल. फोनवर नको. समोर बसून. बसमधून उतरल्यापासून."

धुरपदाबाईनं तिच्याकडे पाहिलं, ही चेष्टा करते की काय. मग भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"बस खालीच थांबते," ती म्हणाली. "वर चढायला लागतं. हळू चाल, दगड ओले असतात."

"चालते."

"उजव्या हाताला मांस विकणारा. तिकडे बघू नको."

"नाही बघत."

खांब आला. पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्या कुत्री घेऊन बसल्या होत्या, कुत्र्यांनाही कोट. चीजवाला तार ओढत होता. त्याला गोपाळ ओळखायचा, तो एक तुकडा चाखायला द्यायचा. धुरपदाबाईनं बोटं चिमटीत धरून दाखवली, एवढा. लोकरीच्या दुकानाशी चंचल रेंगाळली, कारण तिला रंग विचारायचे होते. मग देवळाच्या कडेचा बोळ, खाली नदी. पुलावर वारा. मधल्या कमानीवर थांबून दोघींनी खाली पाहिलं. आता लूमचा आवाज चंचलला पाण्याचा वाटत होता.

"हे सगळं पाहिलंस कधी तू?" तिनं विचारलं.

"गुरुवारी त्याला सुट्टी असायची. फोन हातात धरून चालायचा, मला दाखवत दाखवत. दोन वर्षं. एक गुरुवार चुकवला नाही त्यानं." धुरपदाबाईचे डोळे मिटलेलेच होते. "पूल उतरलं की डावीकडे. एका रांगेत सहा घरं, सगळी सारखी. चौथ्याचं दार हिरवं. तिथं तो राहायचा."

"आलो आपण?"

"आलो."

"आत कसं आहे?"

धुरपदाबाईचा हात मांडीवर उघडा पडला होता, मघाचा चीजचा तुकडा धरल्यासारखा.

"माहीत नाही," ती म्हणाली. "इथं आलं की तो म्हणायचा, आई, पोचलो, ठेवतो आता. दारातूनच. आत दुसरीही पोरं राहायची ना, त्यांना नको वाटायचं. मी कधी आतून नाही पाहिलं."

चंचल तिच्याजवळ सरकली. दोघी त्या दारासमोर बसून राहिल्या, एक डोळे मिटून आणि एक उघडे ठेवून. कुणीच कडी वाजवली नाही. आत कोण होतं उघडायला?

मग धुरपदाबाईनं डोळे उघडले आणि खोलीभर पाहिलं, सखुबाईची भांडी, सखुबाईचं कॅलेंडर, मेथी. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. मेथी पिशवीत भरली. सतरंजी गुंडाळली, पाण्याचं भांडं पालथं घातलं. बॅग तिनं चंचलला उचलू दिली नाही. एक पट्टा तिनं धरला, एक चंचलनं. बाहेर येऊन तिनं दार ओढलं, कुलूप लावलं, आणि लागलंय का ते हिसका देऊन पाहिलं.

"गुडघे कुठले सांगायचे," हायवेकडे चालताना तिनं विचारलं, "दोन्ही की एकच?"

"एकच," चंचल म्हणाली. "दोन्ही म्हटलं तर सुषमा तेल घेऊन येईल."

"डावा," धुरपदाबाई म्हणाली, आणि थोडं लंगडत चालू लागली.